म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं आणि त्यावरचे सुरक्षित उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा म्हातारा झाला की पहिला प्रश्न येतो तो गोळीचा: कोणती देऊ, किती देऊ. इथे सुरुवात त्याच्याही आधीपासून केली आहे. दुखतंय का, कुठे दुखतंय आणि औषधाने फरक पडतोय का, हे सगळ्यात आधी घरातल्या माणसांना दिसतं, आणि पुढचे सगळे उपचार त्या पाहण्यावरच उभे राहतात. खाली कुठल्याही औषधाचा डोस मुद्दामच दिलेला नाही. तो वजन, किडनी आणि लिव्हरची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधं पाहून तुमच्या पशुवैद्यांनीच ठरवायचा असतो.

तो कधी ओरडत नाही, कण्हत नाही. मग दुखतंय हे ओळखायचं कसं?

चुकून शेपटीवर पाय पडला तर कुत्रा केकाटतो. पण खुबा किंवा कोपर महिनोन्‌महिने दुखत असेल तर तो बहुधा आवाज करत नाही. तो आपल्या सवयी बदलतो, आणि इतक्या हळूहळू बदलतो की रोज पाहणाऱ्यांच्या ते लक्षातच येत नाही.

तो झोपून उठतो तेव्हा समोर बसून नीट बघा. निरोगी कुत्रा एका झटक्यात उभा राहतो. मागचे खुबे किंवा गुडघे दुखणारा कुत्रा आधी पुढचे पाय ताणून छाती उचलतो, तिथे क्षणभर थांबतो, मग मागचा भाग ओढून वर घेतो. फरशीवर नखं घासल्याचा आवाज येतो, एखादा पाय बाजूला सरकतो. पहिली काही पावलं आखडलेली पडतात आणि मग चाल मोकळी होते. ‘एकदा चालायला लागला की बरा असतो’ असं म्हणून बरेच जण निश्चिंत होतात. खरं तर विश्रांतीनंतर आखडणं आणि हालचालीने मोकळं होणं ही सांधे झिजल्याची अगदी ठरावीक खूण आहे.

मग बाकीच्या गोष्टी बघा. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो का? गाडीत उडी मारण्याआधी घुटमळतो का? जेवताना उभ्या-उभ्या वजन या पायावरून त्या पायावर टाकतो का? पाय वर करून शू करणारा नर आता नुसता वाकून करतो का? शी करताना एका जागी बसू शकत नाही म्हणून चालत चालत करतो का? एकाच मनगटाला किंवा खुब्याला सतत चाटत असेल तर तिथले फिकट केस लाळेने तांबूस झालेले दिसतात. पाय फरफटत असेल तर मधल्या दोन नखांची वरची बाजू घासली जाते. दोन्ही मांड्यांवर एकदम हात ठेवून पाहा. ज्या पायावर तो कमी भार टाकतो तिथलं मांस उतरलेलं हाताला कळतं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी दारापर्यंत धावत येणारा कुत्रा आता जागेवरूनच शेपटी हलवतो, तेव्हा ‘आता शहाणा झालाय’ असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या शहाणपणामागे दुखणं आहे का, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

वय झालं की हे व्हायचंच ना? डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे का?

नेलंच पाहिजे. वय वाढलं म्हणून दुखत नाही. वयाबरोबर जे आजार येतात त्यांच्यामुळे दुखतं, आणि त्यांतल्या बऱ्याच आजारांवर उपाय आहेत. लंगडण्याचं कारण झिजलेला सांधा असेल, मणक्याची सरकलेली चकती असेल, गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट असेल किंवा बोटात रुतलेलं नखही असेल. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर होतो आणि सुरुवातीला तो साध्या लंगडण्यासारखाच दिसतो. कारण न शोधता नुसतं दुखणं दाबत राहिलं तर अशा आजारात हातातला वेळ जातो.

दातांचं दुखणं तर हमखास नजरेतून सुटतं. तोंडाला वास येणं, एकाच बाजूने चावणं, कडक खाणं टाळणं, घास तोंडातून पडणं यांकडे ‘म्हातारपण’ म्हणून दुर्लक्ष होतं. किडलेला दात काढल्यावर कुत्रा पुन्हा खेळायला लागलाय, असं सांगणारे पालक मला पुष्कळ भेटले आहेत.

दवाखान्यात तो अगदी ठणठणीत चालतो. डॉक्टरांना पटवायचं कसं?

मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. अनोळखी जागा, वास आणि भीती यांमुळे कुत्रा ताठ होतो आणि घरात दिसणारं लंगडणं तिथे दिसतच नाही. तीन गोष्टी टिपा: सकाळी उठतानाचा क्षण, बाजूने आणि मागून दिसणारी साधी चाल, आणि जिन्याची एखादी फेरी. मोबाइल त्याच्या उंचीला धरा, वरून घेतलेल्या व्हिडिओत पाय नीट दिसत नाहीत.

जुनाट दुखण्यासाठी पालकांनी भरायच्या प्रश्नावल्याही आहेत. हेलसिंकी क्रॉनिक पेन इंडेक्स, लिव्हरपूलची ‘लोड’ आणि कॅनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरी या जास्त वापरल्या जातात. त्या मिळाल्या नाहीत तर स्वतःच पाच प्रश्न ठरवा: उठणं, जिना, फिरण्याचा उत्साह, रात्रीची झोप, हात लावल्यावरची प्रतिक्रिया. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. औषध सुरू करण्याआधीचे दोन आठवडे हातात असतील तर फारच चांगलं. उपचार सुरू केल्यावर आपल्याला सुधारणा दिसावीशी वाटते म्हणून ती दिसायला लागते. नोंदी त्यापासून वाचवतात.

घरात माणसांची पेनकिलर आहे. वजनाच्या हिशेबाने थोडी दिली तर?

देऊ नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन आणि डायक्लोफिनॅक ही माणसांसाठी रोजची औषधं आहेत, पण कुत्र्याच्या पोटात ती जखमा करतात आणि किडनी निकामी करू शकतात. प्रश्न नुसत्या वजनाचा नसतो. कुत्र्याचं शरीर ही औषधं वेगळ्या तऱ्हेने हाताळतं. नॅप्रॉक्सेन पित्तातून पुन्हा आतड्यात येऊन परत परत शोषलं जातं, त्यामुळे एकच गोळी त्याच्या शरीरात दिवसेंदिवस रेंगाळते. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर खराब होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. काही वेळा पशुवैद्य ते मोजून देतात, पण तो निर्णय त्यांचा. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी पॅरासिटामॉल थेट जीवघेणं आहे. अ‍ॅस्पिरिन ‘साधी’ म्हणून दिली जाते. तिच्यामुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि पुढे डॉक्टरांना योग्य औषध सुरू करायला थांबावं लागतं, ते नुकसान वेगळंच.

देऊन झाली आहे. आता काय करू?

लगेच डॉक्टरांना फोन करा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅमची, किती गोळ्या आणि किती वाजता दिल्या ते सांगा. पाकीट बरोबर न्या. लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका, कारण उलट्या किंवा काळी शी दिसते तोवर इजा झालेली असते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानेच कुत्रा आणखी आजारी पडतो. आणि दिल्याचं लपवू नका. खरं सांगितलं तर डॉक्टर रागावण्यात वेळ घालवणार नाहीत, पुढचे उपाय सुरू करतील.

गोळी नाही, पण दुखऱ्या जागी मलम किंवा बाम चोळला तर चालेल?

नाही. तो चाटणारच, म्हणजे औषध शेवटी पोटातच जाणार. कापूर आणि विंटरग्रीनचं तेल असलेले बाम कुत्र्यासाठी विषारी असतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: तुम्ही स्वतःच्या गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल लावत असाल आणि कुत्र्याला तुमचा गुडघा चाटायची सवय असेल, तर ते औषध त्याच्याही पोटात जातं.

डॉक्टरांनी एनसेड गटातली गोळी दिली आहे. नेटवर वाचून भीती वाटते.

भीती समजू शकते, पण माहिती असली की काळजी नेमक्या जागी घेता येते. एनसेड म्हणजे सूज आणि वेदना कमी करणारी, स्टेरॉइड नसलेली औषधं. कारप्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब ही कुत्र्यांसाठी तपासलेली औषधं आहेत आणि सांध्यांच्या दुखण्यावर आजही उपचाराची सुरुवात बहुतेकदा त्यांच्यापासूनच होते. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज आणि वेदना वाढतात, आणि तीच द्रव्यं पोटाचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. या गोळ्या ती द्रव्यं कमी करतात. गुण आणि धोका दोन्ही तिथूनच येतात. ग्रॅपिप्रँट हे या गटातलं थोडं वेगळं औषध आहे. ते ही द्रव्यं बनणं थांबवत नाही, वेदनेशी संबंधित एक ठरावीक रिसेप्टर तेवढा अडवतं.

यावरून घरी पाळायचे नियम आपोआप कळतात. दोन एनसेड एकत्र कधीही नाहीत. एनसेड आणि प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड एकत्र कधीही नाही, मग ते स्टेरॉइड खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं का असेना. एक औषध बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये काही दिवसांची मोकळीक लागते, बहुधा ५ ते ७ दिवसांची. ती किती ठेवायची ते डॉक्टर सांगतील आणि त्या दिवसांत दुखू नये म्हणून वेगळ्या गटातलं औषध देतील. कुत्रा जेवला नाही, उलट्या-जुलाब होताहेत किंवा पाणी पीत नाहीये, अशा दिवशी गोळी द्यायची नाही, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला प्रोस्टाग्लँडिनची सगळ्यात जास्त गरज असते. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी एनालाप्रिल, बेनाझेप्रिल, फ्युरोसेमाइड चालू असेल तर ते आठवणीने सांगा.

या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते. डबी हाताशी लागली तर कुत्रा खाऊ समजून अख्खी डबी फस्त करतो. बंद कपाटात ठेवा.

गोळी कधी थांबवायची?

उलटी, जुलाब, जेवणावरची वासना उडणं, डांबरासारखी काळी चिकट शी, पाणी आणि शू एकदम वाढणं, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसणं, विचित्र सुस्ती. यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ‘अजून एक देऊन बघू’ हे या औषधांबाबत नको.

पुन्हा पुन्हा रक्त तपासायला सांगतात. गरज असते का?

असते. किडनीचं काम बरंचसं मंदावेपर्यंत कुत्रा बाहेरून ठीक दिसतो. म्हणून औषधाच्या आधी एकदा, सुरू केल्यावर २ ते ४ आठवड्यांनी एकदा आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासली जाते. किडनीचे क्रिएटिनिन आणि युरिया, लिव्हरचे एएलटी आणि एएलपी हे आकडे एकेकटे फारसे बोलत नाहीत. आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहिले की कळतं. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा.

एक डोस द्यायचा राहिला. पुढच्या वेळी दोन देऊ?

नाही. पुढचा डोस ठरलेल्या वेळी, ठरलेलाच.

रोज गोळ्या देण्यापेक्षा, दुखेल त्या दिवशी दिली तर?

हा प्रश्न काळजीतून येतो, म्हणून उत्तर नीट समजून घ्या. वेदना बरेच दिवस चालू राहिली की मणक्यातल्या नसा जास्त संवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही दुखतो आणि तेच औषध कमी पुरतं. शिवाय ‘दुखेल त्या दिवशी’ हे ठरवणार कोण? कुत्र्याचं दुखणं आपल्याला दिसतं तोपर्यंत ते बऱ्यापैकी वाढलेलं असतं. ज्याला रोज दुखतं त्याला सुरुवातीचे काही आठवडे नियमित औषध देऊन दुखणं आटोक्यात आणायचं, आणि मग नोंदी बघत, डॉक्टरांशी बोलून, ज्या कमीत कमी डोसवर तो सुखाने हिंडतो-फिरतो तिथे थांबायचं. मला हाच मार्ग योग्य वाटतो. क्वचित, जास्त चालणं झाल्यावरच लंगडणाऱ्या कुत्र्याचं वेगळं. त्याला अधूनमधून औषध पुरू शकतं.

त्याची किडनी कमजोर आहे. मग काहीच देता येणार नाही का?

देता येतं. एनसेड कदाचित बाद होतील, पण गॅबापेन्टिन, अमँटाडिन, महिन्यातून एकदा द्यायचं अँटीबॉडीचं इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि वजन कमी करणं हे मार्ग उरतात. काही औषधं किडनीतूनच बाहेर पडतात, तेव्हा डोस कमी करावा लागतो.

गॅबापेन्टिन, अमँटाडिन, ट्रामाडॉल यांत फरक काय?

गॅबापेन्टिन नसांच्या दुखण्यावर, म्हणजे मान-पाठ-मणक्याच्या त्रासात जास्त उपयोगी पडतं. सुरुवातीला कुत्रा पेंगतो, मागचे पाय डगमगतात. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते, नाही झाली तर डोस बदलतात. माणसांसाठी मिळणाऱ्या पातळ गॅबापेन्टिनमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असू शकतं आणि ते कुत्र्यासाठी विष आहे, म्हणून पातळ औषध आणण्याआधी घटक वाचा. बरेच दिवस चालू असलेलं गॅबापेन्टिन एकदम बंद करू नका.

अमँटाडिन एकटं फारसं देत नाहीत. नसा संवेदनशील झालेल्या कुत्र्यात एनसेडच्या जोडीला देतात आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका.

ट्रामाडॉल बराच काळ सर्रास दिलं जायचं. माणसाच्या शरीरात त्याचं ज्या प्रभावी द्रव्यात रूपांतर होतं, ते कुत्र्याच्या शरीरात फार कमी बनतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधे झिजलेल्या कुत्र्यांना त्याचा उपयोग झालेला दिसला नाही. तुमच्या कुत्र्याला सांध्यांसाठी फक्त ट्रामाडॉलच चालू असेल तर डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोला. काही मानसिक आजारांच्या औषधांबरोबर ते धोकादायकही ठरतं.

महिन्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनबद्दल बरंच ऐकलंय. द्यावं का?

ते बेडिनवेटमॅब. वेदना वाढवणाऱ्या एनजीएफ नावाच्या प्रथिनाला ते बांधून ठेवतं. युरोपात त्याला २०२० साली आणि अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. पोट, किडनी आणि लिव्हरवर एनसेडसारखा ताण येत नाही आणि रोजच्या गोळीची कटकट नाही, म्हणून ते लवकर लोकप्रिय झालं. काही कुत्र्यांमध्ये फरक खरोखरच ठळक दिसतो. त्याच वेळी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) पशुवैद्यांना पत्र पाठवून तोल जाणं, झटके, पायांतली ताकद जाणं, तहान आणि लघवी वाढणं अशा नोंदवलेल्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधलं. इंजेक्शनचा परिणाम महिनाभर राहतो, गोळीसारखा तो उद्यापासून थांबवता येत नाही. ज्या कुत्र्याला आधीच झटके येतात, ज्याचे मागचे पाय ओढले जातात किंवा ज्याचा तोल जातो, त्याच्याबाबत आधी मज्जासंस्थेची नीट तपासणी करून घ्या. ती झाली असेल आणि एनसेड चालत नसतील तर हा पर्याय मी नाकारणार नाही.

ग्लुकोसामाइन, फिश ऑइल, हळद, सीबीडी: यांतलं काय खरंच उपयोगी आहे?

फिश ऑइलमधल्या ओमेगा-३ ला, म्हणजे ईपीए आणि डीएचएला, बऱ्यापैकी आधार आहे. मात्रा पुरेशी हवी, ती हळूहळू वाढवायची, नाहीतर शी पातळ होते. आणि तेलाच्या कॅलरी जेवणातून वजा करायच्या. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन सगळ्यात जास्त खपतं, पण २०२२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा त्याचा उपयोग दिसला नाही. बजेट मर्यादित असेल तर ते पैसे मी रक्ततपासणीवर किंवा फिजिओथेरपीवर खर्च करायला सांगेन. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फार कमी शोषलं जातं. सीबीडीवर (गांजाच्या रोपातला, नशा न आणणारा घटक) अभ्यास चालू आहेत, त्याने लिव्हरचा एएलपी वाढू शकतो. आणि टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेलं काहीही कुत्र्याला विषबाधा करतं. यांपैकी काहीही देत असाल तर डॉक्टरांना सांगा, ‘ते काय, नैसर्गिकच आहे’ म्हणून वगळू नका.

वजन आणि दुखण्याचा संबंध किती?

खूप. औषध सोडून दुसरी कोणतीही एक गोष्ट इतका फरक पाडत नाही. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी जेवण दिलं. कमी जेवणारे सडपातळ राहिले, त्यांना सांध्यांसाठी औषधाची गरज उशिरा पडली आणि ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले. लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या पुढे उतरलं की लंगडणं कमी होताना दिसतं, असंही आढळलं आहे. ३० किलोच्या कुत्र्यात हे दोन किलोसुद्धा होत नाहीत.

आपल्या हाताची मूठ वळा आणि बोटांच्या वरच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. फासळ्या तशा टोचत असतील तर तो फारच बारीक आहे. हात उघडा ठेवून त्याच्या मागच्या बाजूची हाडं जशी लागतात तशा फासळ्या लागल्या तर वजन योग्य. तळहाताच्या गादीसारखं लागलं तर वजन जास्त. जेवण वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजा आणि गोळी भरवायला दिलेला खाऊही हिशेबात धरा. उपाशी ठेवून झटपट वजन उतरवू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधी जातात आणि मग सांध्यांना आधारच उरत नाही.

त्याला फिरवू की आराम देऊ?

फिरवा, पण थोडं थोडं. आठवडाभर जेमतेम आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास, हे सगळ्यात वाईट. दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या, सपाट आणि मऊ जमिनीवर, त्याच्या वेगाने. दुसऱ्या दिवशी तो जास्त आखडलेला दिसला तर कालचं चालणं जास्त झालं. चेंडू फेकून पळवणं बंद करा. झपकन वळणं आणि ब्रेक लावल्यासारखं थांबणं दुखऱ्या सांध्यांना सोसत नाही. त्याऐवजी वास घेत हिंडू द्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस घ्या. पोहणं किंवा पाण्यातली ट्रेडमिल मिळाली तर उत्तम, पण प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली.

घरात काय बदलायचं?

सगळ्यात आधी फरशी. गुळगुळीत फरशीवर म्हातारा कुत्रा प्रत्येक पावलाला स्नायू आवळून चालतो आणि संध्याकाळपर्यंत तेच स्नायू दुखायला लागतात. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी किंवा योगाच्या मॅटची सलग वाट करा. मध्ये एका पावलाची जरी उघडी फरशी राहिली तरी तो तिथेच अडतो. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा. नखं वेळेवर कापा, कारण लांब नखांमुळे बोटं वर ढकलली जातात आणि पाय तिरका पडतो.

अंथरूण इतकं जाड हवं की तुम्ही त्यावर कोपर टेकवलं तर जमीन लागू नये, पण इतकं मऊ नको की त्याला त्यातून उठताच येऊ नये. मान किंवा कोपर दुखत असेल तर भांडी छातीच्या उंचीला ठेवा. जिन्याला रात्री फाटक लावा. गाडीसाठी उतरंड घेतलीत तर ती आधी जमिनीवर सपाट ठेवून त्यावरून चालायची सवय करा, मग हळूहळू उंची वाढवा.

शेक गरम द्यायचा की थंड?

जुन्या आखडलेल्या सांध्याला कोमट, नुकत्याच झालेल्या सुजेला थंड. दोन्ही कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि त्याला उठून जाता येईल असं ठेवा. विजेची हीटिंग पॅड नको. पायातली संवेदना कमी झालेल्या कुत्र्याला भाजलेलं कळत नाही.

रात्री उठतो, घरभर फिरतो, धापा टाकतो. हे दुखण्यानेच असेल?

असू शकतं, पण म्हाताऱ्या कुत्र्यांना विस्मरणासारखा मेंदूचा आजारही होतो आणि त्यातही दिवस-रात्र उलटते. दुखणारा कुत्रा सहसा आडवा होतो, कूस बदलतो, परत उठतो. गोंधळलेला कुत्रा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो, दाराच्या चुकीच्या बाजूला थांबतो, ओळखीच्या खोलीत हरवल्यासारखा करतो. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. गाढ झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला ३० पेक्षा सतत जास्त असतील तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्या.

इतकी वर्षं शांत असलेला आता मुलांवर गुरगुरतो. त्याला रागवायचं का?

रागवू नका. गुरगुरणं म्हणजे ‘इथे दुखतंय, लांब राहा’ असं सांगणं. ते दाबून टाकलं तर तो पुढच्या वेळी न सांगता चावेल. त्याची झोपायची जागा मुलांच्या वाटेतून काढा, झोपेत कुणी हात लावू नये हे घरात सगळ्यांना सांगा आणि तपासणीची वेळ घ्या. स्वभाव अचानक बदलला तर आधी दुखणं शोधायचं.

ताबडतोब, रात्र असली तरी, कधी न्यायचं?

मागचे पाय एकदम लुळे पडले, पाय टेकवतच नाही, शू होत नाहीये, पोट टम्म फुगलंय आणि उलटीचा उमाळा येऊनही काही पडत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, झटका आला, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, डोळा लाल होऊन तो उघडतच नाही. यांत सकाळची वाट बघायची नाही. वाटेत किंवा निघण्याआधी कुठलीही पेनकिलर देऊ नका.

सगळं करूनही तो सुखात नसेल तर निर्णय कसा घ्यायचा?

पशुवैद्य अ‍ॅलिस विलालोबोस यांनी तयार केलेली एक मोजपट्टी बरेच डॉक्टर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य सुसह्य मानतात. घरातल्या प्रत्येकाने हे वेगवेगळं भरावं आणि मग एकत्र बसावं. आकडा निर्णय घेत नाही, पण जे बोलायला सगळे घाबरत असतात ते बोलणं सुरू करून देतो. त्याला मनापासून आवडणाऱ्या तीन-चार गोष्टीही लिहून ठेवा: अमुक वळणापर्यंत चालणं, तुमची चाहूल लागताच उठणं. त्यांतल्या किती उरल्या ते दर आठवड्याला पाहा.

डॉक्टरांना उघडपणे विचारा: अजून काय बाकी आहे, त्याने किती दिवस मिळतील आणि ते दिवस कसे असतील? इच्छामरणाचा निर्णय झाला तर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात का, घरी येऊ शकतात का, हेही वेळेआधी विचारून ठेवा. त्या दिवशी हे प्रश्न सुचत नाहीत. आणि तोपर्यंत वेदनाशामकं चालू ठेवा. ‘आता काय उपयोग’ म्हणून शेवटच्या आठवड्यात औषधं बंद केली जातात, तेव्हा त्याला ती सगळ्यात जास्त लागत असतात. गोळी गिळता येत नसेल तर इंजेक्शन किंवा दुसऱ्या स्वरूपातलं औषध डॉक्टर देऊ शकतात. त्यासाठी फोन करायला संकोच करू नका.